मिठाईच्या कपाटातलं मशीन

अन्नपूर्णम्मांचा ग्राइंडर मंगळवारी सकाळी बंद पडला आणि बुधवारी आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये पोहे झाले. हैदराबादेत हिमायतनगरच्या आमच्या गल्लीत जे राहिलेले नाहीत, त्यांना या वाक्यातलं गांभीर्य कळणार नाही. तळमजल्यावरच्या अन्नपूर्णम्मा बावीस वर्षांपासून इडलीचं पीठ वाटून विकतात. सोळापैकी चौदा घरांची न्याहारी त्यांच्या पातेल्यातून निघते. उरलेल्या दोन घरांत डॉक्टरांनी मनाई केलेली आहे, त्यामुळे तिथले लोक डबा पिशवीत लपवून नेतात. शिवाय कोपऱ्यावरच्या मुलींच्या हॉस्टेलला रोज दोन मोठे डबे जातात, आणि बाईंचं घर खरं म्हणजे त्या दोन डब्यांवर चालतं.

मेकॅनिक आला, ग्राइंडर आडवा करून त्यानं पाहिला. मोटार ठीक होती, दगड ठीक होते. मोटारीची फिरकी दगडापर्यंत नेणारं जे मुठीएवढं कपलिंग असतं, त्याचे दात झिजून गुळगुळीत झाले होते. ग्राइंडरची कंपनी कधीच बंद पडलेली, त्यामुळे तो भाग आता मिळायचा नाही. नवा घ्या, असं म्हणून तो निघून गेला.

"नया नक्को," अन्नपूर्णम्मा म्हणाल्या. "इसपेच मेरे दोनों बच्चे पढ़े. मेरेकू यहीच होना." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

हे सगळं लिफ्टसमोर चाललं होतं. सात-आठ जण उभे होते. कुणीच काही बोलत नव्हतं, आणि अशा शांततेत माझ्या तोंडून नको ती वाक्यं निघतात, हा माझा जुना आजार आहे.

"मी करून देतो," मी म्हणालो.

"कशानं?" हिम्मतरावांनी विचारलं. हिम्मतराव आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. घराणं जहीराबादकडचं, शेतकऱ्याचं. पुढे बियाण्यांचा व्यापार केला, आता सल्ल्यांचा करतात.

"माझ्याकडे मिलिंग मशीन आहे."

हे खरं होतं. आमच्या मागच्या गॅलरीत एक मिलिंग मशीन होतं. धातूचा ठोकळा खाली पकडायचा, वरून फिरता कटर आणायचा, आणि नको तेवढा धातू कोरून काढायचा, असं ते यंत्र. बालानगरच्या एका बंद होणाऱ्या कारखान्यातून मी ते आणलं होतं. आठ महिन्यांत त्यावर माझ्या हातून एकच वस्तू तयार झाली होती, एक पितळी पेपरवेट. त्रिवेणी, म्हणजे माझी बायको, त्यानं आलं ठेचते.

पण माझी पात्रता कमी होती असं कुणी समजू नये. मी सुधीर औरादकर, पाटबंधारे खात्यातला निवृत्त हेड ड्राफ्ट्समन. चौतीस वर्षं मी धरणांची ड्रॉइंगं काढली. पाणी कुठून येईल, कुठे अडेल आणि कुठून बाहेर जाईल, हे कागदावर दाखवण्यात माझी उभी नोकरी गेली. पुढे जे झालं ते पाहताना ही गोष्ट लोकांनी लक्षात ठेवली नसती तर बरं झालं असतं. पण हिम्मतरावांनी ती कुणालाच विसरू दिली नाही.

हॉस्टेलच्या बाईंनी बारा दिवसांची मुदत दिली. तोपर्यंत अन्नपूर्णम्मा घरोघरचे मिक्सर मागून आणणार आणि कसंबसं भागवणार, नाही तर हॉस्टेल पाकिटातलं पीठ सुरू करणार. म्हणजे माझ्याकडे बारा दिवस होते आणि बिल्डिंगकडे चौदा मिक्सर. तिसऱ्या दिवशी मिक्सर अकरा उरले.

मी ॲल्युमिनियमचा गोल ठोकळा आणला, जुन्या कपलिंगचं माप घेऊन झकास ड्रॉइंग काढलं. ड्रॉइंग इतकं देखणं झालं की मी ते त्रिवेणीला दाखवलं.

"हे लावलं तर ग्राइंडर चालेल का?" तिनं विचारलं.

"हे चित्र आहे."

"मग वस्तू कधी?"

चौतीस वर्षांत माझ्या चीफ इंजिनिअरनं मला असं कधी विचारलं नव्हतं.

पहिला प्रयत्न कोरडाच केला. कोरडं ॲल्युमिनियम कापताना तापतं, मऊ होतं आणि कटरला च्युइंगगमसारखं चिकटतं, ही माहिती मला कटर मोडल्यावर मिळाली. कटरवर सतत थंड द्रव सोडायला हवा, त्याला कूलंट म्हणतात. मी राणीगंजला जाऊन त्याचं तेल आणलं. मधासारखं तपकिरी तेल. पण वीस वाटी पाण्यात एक वाटी ओतलं की क्षणात सगळं पांढरंशुभ्र होतं. अगदी दुधासारखं.

"इतकं दूध कशाला घेतलंत?" त्रिवेणी बादलीत डोकावून म्हणाली.

मी तिला वास घ्यायला सांगितला. तिनं घेतला, आणि त्या दिवसापासून स्वयंपाकघरातलं एकही भांडं माझ्या हाती लागू दिलं नाही. फक्त मोठी परात मी तिच्या आधीच पळवली होती.

कूलंट वर चढवायला पंप लागतो. तो मी आमच्या कूलरमधून काढला. फेब्रुवारी होता, कुणाला कळणार नाही असं वाटलं. पंप छान चालला. नळीतून पांढरी धार कटरवर पडली. कटर मिनिटाला हजारभर फेरे घेत होता, त्यानं ती धार घेतली आणि चारी दिशांना सारखी वाटून दिली. माझा चष्मा, भिंत, तुळस, आणि गॅलरीच्या कठड्यावरून खाली पहिला मजला.

पहिल्या मजल्यावर मोईनुद्दीन साहेब राहतात. पोस्टातून निवृत्त झालेले, अतिशय सभ्य गृहस्थ. शिवी द्यायची झाली तरी आधी तब्येत विचारतील. पाच मिनिटांनी बेल वाजली. मोईन साहेब दारात उभे, दोन्ही हातांवर काळी शेरवानी आडवी धरलेली.

"आदाब, औरादकर साब. तब्येत?"

"ठीक है."

"भाभी साहेबा?"

"ठीक है."

"अल्हमदुलिल्लाह. एक बात पूछनी थी. बारिश तो रहमत होती, मानता मैं. मगर हमारे पूरे हैदराबाद में आज वो सिर्फ मेरी शेरवानीपेच कायकू हुई?"

शेरवानी पुतण्याच्या लग्नासाठी उन्हात घातली होती. तिच्यावर पांढरे ठिपके पडले होते, आणि ठिपक्यांच्या आत तेलाचे डाग. मी माफी मागितली, ड्रायक्लीनिंगची तयारी दाखवली. "नक्को जी, आप शर्मिंदा मत होओ," असं म्हणत ते परत गेले. मला त्यापेक्षा आरडाओरडा चालला असता.

आता मशीनभोवती काहीतरी बंदिस्त खोकं हवं, हे उघड झालं. तयार खोकी मिळतात, पण ती मशीनपेक्षाही महाग. स्वस्तात काय होईल, हा प्रश्न मी चुकून लिफ्टमध्ये हिम्मतरावांना विचारला. संध्याकाळपर्यंत तो बिल्डिंगच्या मालकीचा झाला.

हिम्मतराव म्हणाले, ताडपत्री बांधा, आमच्या गोदामाला चाळीस वर्षं ताडपत्रीच होती. तिसऱ्या मजल्यावरून सूचना आली की मशीन बाथरूममध्ये ठेवावं. मी म्हणालो, मग आंघोळ कुठे करायची? त्यावर उत्तर आलं, गॅलरी रिकामी होईल ना. अन्नपूर्णम्मांनी मशीनला नारळ फोडला नव्हता का, अशी चौकशी केली. त्रिवेणी म्हणाली, "तुम्ही त्या बाईला सरळ सांगून टाका ना, जमत नाही म्हणून. माणसाला सगळंच जमत नसतं." हे तिनं प्रेमानं म्हटलं होतं, म्हणून जास्त लागलं.

मी बाथरूमचा पडदा आणून लावला. निळा, त्यावर पिवळी बदकं. छताला तार ठोकून मशीनभोवती गोल सोडला. दिसायला हॉस्पिटलातल्या खाटेसारखं झालं. मशीन सुरू केलं. पहिली दहा सेकंदं सगळी बदकं शांत होती. मग वारा आला, पडदा आत गेला, आणि कटरनं त्याचं एक टोक धरलं. पुढच्या क्षणी बारा बदकं एकामागून एक वर चढून कटरभोवती गुंडाळली गेली आणि तार खिळ्यांसकट खाली आली. मी बटण दाबलं. मग गॅलरीत थोडा वेळ खुर्चीवर बसलो. त्रिवेणी आली, तिनं पाहिलं, आणि चहा ठेवून गेली. मिक्सर तोपर्यंत नऊ राहिले होते.

उपाय सापडला तो नामपल्लीला. नुमाइश संपली होती. दरवर्षी प्रदर्शन उठलं की मैदानावर आठवडाभर मोडामोड चालते, आणि दुकानदार न्यायला जड अशा वस्तू देऊन टाकतात. मी लाकडी फळ्या बघायला गेलो होतो. तिथे एका मिठाईवाल्याचं काचेचं कपाट उभं होतं. तीन बाजूंनी जाड काच, मागे सरकती दारं, खाली पत्र्याचा तळ, आणि आत एक दिवासुद्धा. मधल्या फळ्या काढल्या तर माझं मशीन त्यात बरोबर बसणार होतं. मी टेप काढून मापं घेतली. तीनदा घेतली.

"बर्फी का बिझनेस डालते क्या, अंकल?" मिठाईवाल्यानं विचारलं.

"मशीन रखना है."

"अच्छा है. बर्फी में मेहनत बहुत है," असं म्हणून त्यानं ते कपाट मला जवळजवळ फुकट दिलं.

एकच अडचण होती. समोरच्या काचेवर लाल ऑइलपेंटनं, नागरी, तेलुगू आणि उर्दू तिन्ही लिप्यांत, वीतभर अक्षरांत रंगवलेलं होतं: 'शुद्ध दूध, ताज़ा खोवा'. मी ब्लेडनं खरवडून पाहिलं. शुद्धमधला उकार तेवढा निघाला. राहू दे म्हटलं, गॅलरीत कोण वाचतंय.

पण गॅलरीत पोचायच्या आधी ते अख्ख्या गल्लीनं वाचलं. ट्रॉलीवरून कपाट येताना तीन जणांनी उद्घाटन कधी म्हणून विचारलं. ते लिफ्टमध्ये मावलं नाही. जिन्याच्या पहिल्या वळणावर अडकलं ते वरही जाईना, खालीही येईना. पाऊण तास बिल्डिंगचा जिना बंद. वर जाणारे वर, खाली जाणारे खाली, मध्ये मी आणि 'शद्ध दूध'. शेवटी मोईन साहेबांनी, ज्यांच्याशी माझी नजर अजून मिळत नव्हती, आपलं दार उघडून सांगितलं, "तिरछा करो मियां, थोड़ा तिरछा." तिरकं केलं, निघालं.

दोन दिवस मी काम केलं. मशीन आत बसवलं, त्याच्या फिरवायच्या चाकांचे दांडे तळाच्या पत्र्यातून बाहेर काढले. सांधे सिलिकॉननं भरले. तळाला भोक पाडून खाली परात ठेवली, परातीतून पंप, पंपातून नळी, नळी परत कटरवर. द्रव फिरत राहणार, थेंब बाहेर जाणार नाही. त्रिवेणीसुद्धा कौतुकानं उभी राहिली. हिम्मतराव पाहायला आले, चहा प्यायले, आणि सरकत्या दारांच्या खाचेवर बोट ठेवून म्हणाले, "सुधीरराव, इथून गळंल बघा."

"हिम्मतराव," मी म्हणालो, "माझ्या ड्रॉइंगवरची सात धरणं आज उभी आहेत. एकही गळत नाही."

"त्याला सरकतं दार कुठं असतंय?" हिम्मतराव म्हणाले.

बुधवारी सकाळी चाचणी घेतली. काचेच्या आत पांढरं वादळ उठलं आणि बाहेर एक थेंब नाही. मी अर्धा तास ते मुग्ध होऊन बघत राहिलो. समोरून बघत होतो, हा माझा दोष. मागच्या दारांच्या खाचेतून एक शांत, संथ धार निघून भिंतीच्या कडेकडेनं गॅलरीच्या मोरीत, मोरीतून पाइपात आणि पाइपातून गल्लीच्या गटारात चालली होती. परात कोरडी पडून पंप कोकलायला लागला तेव्हा मला कळलं. एक बादलीभर कूलंट तोवर गल्लीतून वळण घेऊन मेनरोडच्या दिशेनं गेलं होतं.

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. तासाभरात तो आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आला: 'गटारात दूध! हिमायतनगरमध्ये नकली दुधाचा कारखाना? सगळ्यांना पाठवा.' सगळ्यांना पाठवायचं काम हिम्मतरावांनी केलं. अकरा ग्रुपवर. ते दूध माझ्याच गॅलरीतून निघालंय हे त्यांना माहीत नव्हतं, असं ते आजही शपथेवर सांगतात.

गुरुवारी अकरा वाजता बेल वाजली. दारात दोन माणसं. पुढच्याच्या हातात बॅग, मागच्याच्या हातात रिकाम्या बाटल्या.

"श्रीशैलम. फूड डिपार्टमेंट," पुढचा म्हणाला. "दूध का कंप्लेंट है."

"दूध आमच्याकडे पाकिटातलं येतं," मी म्हणालो.

"गॅलरी देखना."

गॅलरी त्यांनी पाहिली. मी ती आजवर माझ्या नजरेनंच पाहत आलो होतो. त्या क्षणी प्रथमच ती दुसऱ्याच्या नजरेनं पाहिली. मध्ये काचेचं कपाट, त्यावर 'शद्ध दूध, ताज़ा खोवा'. आत एक यंत्र. खाली परातीत पांढरा फेसाळ द्रव. पंप. नळ्या. कोपऱ्यात तेलाचा डबा. बाजूला पाण्याच्या दोन बादल्या. आणि दुर्दैव असं की अन्नपूर्णम्मा मिक्सर मागायला वर आलेल्या, त्या नेमक्या मोठं रिकामं पातेलं काखेत धरून माझ्या मागे उभ्या होत्या.

श्रीशैलम यांनी कपाटाभोवती एक फेरी मारली. मग अतिशय मृदू आवाजात विचारलं, "कितने लीटर निकलता रोज?"

"हे दूध नाही! ये कूलंट है. कटर को ठंडा करता."

"तेल और पानी मिलाके?"

"हौ."

"सफेद हो जाता?"

"हौ, पण..."

"लिखो," ते मागच्याला म्हणाले. "तेल, पानी मिलाके सफेद करते, खुद बोले."

मी ड्रॉइंग आणून दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि पुराव्यात ठेवलं. फॉर्मवर पदार्थाच्या नावाचा रकाना होता; त्यात लिहायला दूध, दही, तूप, खवा आणि इतर दुग्धजन्य पदार्थ एवढेच पर्याय होते. मी कूलंट लिहा म्हणून हट्ट धरला. तो पर्यायांत नव्हता. शेवटी 'दूध (कूलंट)' असं लिहिलं गेलं. चार बाटल्या भरल्या, लाखेनं बंद केल्या, चारही बाटल्यांवर माझी सही घेतली. पातेल्यात काय नेता, असं अन्नपूर्णम्मांना विचारून 'पिंडी', म्हणजे इडलीचं पीठ, हेही लिहून घेतलं. इथवर मी सहन केलं. मग श्रीशैलम म्हणाले, "रिपोर्ट आए तक मशीन सील. और अम्मा का पिंडी भी बंद. ये दूध उसमें जाता क्या नहीं, देखना पड़ता."

अन्नपूर्णम्मांच्या काखेतलं पातेलं खाली पडलं. फरशीवर ते बराच वेळ फिरत राहिलं.

"सार," त्या म्हणाल्या, "सोमवार से हॉस्टेल दूसरे को देते. मेरा पिंडी में दूध नहीं सार. चावल, उडद, नमक. बाईस साल."

मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. त्रिवेणीनं सांगितलं होतं तसं पहिल्याच दिवशी जमत नाही म्हटलं असतं, तर फार तर माझी पत गेली असती. आता माझ्या पेपरवेटी हौसेपायी एका बाईचं घर बंद पडणार होतं. मी श्रीशैलम यांच्यापुढे हात जोडले. "मला काय करायचं ते करा. पण त्यांचा याच्याशी संबंध नाही. मी त्यांच्यासाठी एक तुकडा बनवायला निघालो होतो, आणि तो मला बनवता आला नाही. एवढंच आहे हे."

हे मी मराठीत बोललो. त्यांना किती कळलं माहीत नाही.

एवढ्यात दारातून आवाज आला, "आदाब. तब्येत?"

मोईन साहेब आत आले. हातावर शेरवानी.

"हुजूर," ते श्रीशैलम यांना म्हणाले, "दूध का दाग धोए तो जाता क्या नहीं?"

"जाता."

"ये शेरवानी दो दफा ड्रायक्लीन हुई. हफ्ता होने आया. सूंघो आप."

श्रीशैलम यांनी वास घेतला. त्यांच्या मागच्यानंही घेतला.

"कौनसी भैंस का है, बताओ," मोईन साहेब म्हणाले. "मैं इनसे नाराज़ हूं, वो अलग मसला है. मगर ये आदमी दूध नहीं बना सकता. इनसे तो पानीच नहीं रुकता."

माझ्या बाजूनं दिलेली यापेक्षा चांगली साक्ष मी ऐकलेली नाही, आणि यापेक्षा अपमानकारकही.

श्रीशैलम विचारात पडले. मग त्यांनी बॅग खाली ठेवली. "चलाके बताओ," ते म्हणाले.

मी ठोकळा पकडला, दारं सरकवली, मशीन सुरू केलं. काचेच्या आत पांढरं वादळ उठलं. आणि दोन मिनिटांत मागच्या खाचेतून धार निघाली ती थेट फॉर्म ठेवलेल्या स्टुलाकडे.

"बंद करो!" श्रीशैलम ओरडले.

"नक्को!" मोईन साहेब त्यांच्याहून मोठ्यांदा ओरडले. "बीच में रोके तो फिर टूटता. भाभी, आटा है क्या? गूंधा हुआ?"

त्रिवेणीनं पोळ्यांची कणीक मळून ठेवली होती. ती टोपल्यासकट आणली.

"बिर्याणी की हंडी को कैसा दम देते? वैसा." मोईन साहेबांनी कणकेची लांब वळी केली आणि खाचेत दाबायला सुरुवात केली. अन्नपूर्णम्मा दुसऱ्या टोकानं बसल्या. वळ्या पुरेनात, कारण मध्ये एक हातभर जागा राहिली आणि धार तिथूनच येत होती. श्रीशैलम यांनी एकदा फॉर्मकडे पाहिलं, एकदा धारेकडे, मग बाह्या वर करून खाली बसले आणि स्वतःच्या हातानं ती हातभर जागा त्यांनी बुजवली. त्यांचा मदतनीस त्यांना कणकेचे गोळे देत होता. त्रिवेणी पीठ भिजवत होती. धार बारीक झाली, ठिबकली, थांबली.

मला वळून बघायलाही वेळ नव्हता. मी चाक फिरवत होतो, केसाएवढं, केसाएवढं. पांढऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम चकाकत होतं. एक दात झाला. दुसरा झाला. आजूबाजूला पाच माणसं काचेला नाक लावून उभी होती, जशी कधीकाळी त्या कपाटापुढे बर्फीसाठी उभी राहत असतील. तिसऱ्या दाताला हिम्मतराव आले, "काय चाललंय?" म्हणाले, आणि सगळ्यांनी एकदम "शूऽऽ" केलं. दीड तासानं मी मशीन बंद केलं, कणीक उकलली, आणि कपलिंग काढून रुमालानं पुसून अन्नपूर्णम्मांच्या हातावर ठेवलं. गरमसुद्धा नव्हतं.

आम्ही सगळे तळमजल्यावर गेलो. कपलिंग बसलं. जरा घट्ट बसलं, मी कानशीनं कड घासली, मग सुतासारखं बसलं. अन्नपूर्णम्मांनी बटण दाबलं. दगड गुरगुरले, आणि फिरले. बाई बराच वेळ त्या फिरण्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, आणि आत जाऊन तांदूळ भिजत घातले. मी चौतीस वर्षांत धरणांच्या उद्घाटनाला अनेकदा गेलो आहे, मागच्या रांगेत. तिथे माझ्याकडे वळून कुणी मान हलवली नव्हती.

श्रीशैलम यांनी मशीनला सील लावलं नाही. पिठालाही हात लावला नाही. बाईंचं नोंदणीपत्र भिंतीवर फ्रेम करून टांगलेलंच होतं. पण बाटल्या परत ओतता येणार नव्हत्या. एकदा लाख लागली की नमुना प्रयोगशाळेत जाणारच, असा नियम. "फॉर्मॅलिटी है, सार," ते हातावरची कणीक काढत म्हणाले.

अठरा दिवसांनी मला आबिड्सच्या एका कार्यालयात बोलावणं आलं. त्रिवेणी सोबत आली. मी एकटा गेलो तर नवीन काहीतरी कबूल करून येईन, अशी तिला भीती होती. पण आत एकट्यालाच सोडलं. श्रीशैलम यांनी खुर्ची दिली आणि रिपोर्ट पुढे सरकवला. प्रयोगशाळेनं नमुना दूध म्हणून तपासला होता. स्निग्धांश समाधानकारक, असं पहिल्याच ओळीत होतं. क्षणभर मला बरं वाटलं. त्याखाली साखर नाही, प्रथिनं नाहीत, चव आणि वास असमाधानकारक, आणि सर्वांत खाली शेरा: 'निकृष्ट दर्जा.'

"सार, फाइल बंद करना है तो एक लाइन लिखके देना पड़ता," ते म्हणाले, आणि मजकूर त्यांनीच सांगितला. मी लिहिला. 'मी यापुढे निकृष्ट दूध तयार करणार नाही.' सही केली. मग माझ्यानं राहवलं नाही. खाली आणखी एक ओळ लिहिली: 'यापूर्वीही केलेले नाही.'

श्रीशैलम यांनी ती माझ्याकडून वाचून घेतली. मग पेन पुन्हा माझ्यापुढे केलं.

"सार," ते म्हणाले, "ये रहा तो फाइल फिर से खुलती."

मी ती ओळ खोडली.

बाहेर त्रिवेणी बाकावर बसली होती. मला बघून उठली. "काय झालं? सुटलात का?"

"सुटलो," मी म्हणालो. "दुधाचा धंदा कायमचा सोडला म्हणून लिहून दिलं."

तिनं माझ्या हातातला रिपोर्ट घेतला, शेवटचा शेरा वाचला, आणि नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"बरं केलं," ती म्हणाली. "तसाही तुम्हाला नसताच जमला."